शहापुरातले बिनबोर्डाचे टेलर मास्तर : चार स्टार, पाचवा का नाही ते पण लिहिलंय

आधीच सांगते, या दुकानाला बोर्ड नाही. पूर्वी होता म्हणे, एका पावसाळ्यात पडला तो परत लावलाच नाही, आणि मास्तरांना विचारलं की रिव्ह्यू लिहिते, नाव टाकू का, तर म्हणाले, "नको बाई, आत्ताच कामं होईनात, अजून गिऱ्हाईक आलं तर मी मरतो की." म्हणून नाव नाही. बेळगावातल्या शहापुरात साड्यांच्या दुकानांच्या मागं एक बोळ आहे, तीन पायऱ्या चढल्या की दोन मशिनी आणि आत कपाटावर लाल कापडात बांधलेल्या वह्यांचा ढीग दिसला की समजायचं आपण बरोबर आलो.

लिहायचंय ते त्या वह्यांबद्दलच खरं तर. शिलाई चांगली आहे, काजं हातानं करतात, अस्तर आधी पाण्यात भिजवून मगच लावतात, सगळं ठीक, पण चांगली शिलाई करणारे टेलर बेळगावात गल्लोगल्ली आहेत. इथं फरक असा की मास्तर माप घेतात ते आजच्या अंगाचं आणि कापड कापतात ते पुढच्या वर्षीच्या अंगाचं, आणि हे अंग पुढच्या वर्षी कुठून वाढणार, कुठून कमी होणार हे त्यांना त्या वह्यांमुळं माहीत असतं. मी स्वतः प्रायमरीला शिकवते, टीसीएच (प्रायमरी शिक्षकांचा कोर्स) करताना "वाढ आणि विकास" हा धडा घोकून पाठ केला होता, वाढ म्हणजे मोजता येते ती, विकास म्हणजे गुण बदलतात तो, वाढ एका वयात थांबते, विकास चालूच राहतो वगैरे वगैरे, पेपरात लिहिलं आणि विसरले. तो धडा खरा कळला तो या दुकानात बाकड्यावर बसून बसून. आणि बसावं लागतंच, कारण कपडा वेळेवर मिळत नाही. त्यावर येतेच.

आमच्या घरच्या चार पिढ्यांची मापं आहेत इथं. आजीच्या झंपराचं माप मास्तरांच्या वडिलांनी घेतलेलं, शिसपेन्सिलीनं. माझं पहिलं माप १९८६ चं, परकर पोलक्याचं, गौरीला शिवलेलं, मी तेव्हा चार वर्षांची. गेल्या महिन्यात मुलाची पँट आणायला गेले तेव्हा मास्तरांच्या नातवानं सहज म्हणून ते पान काढून दिलं. छाती २१, आणि बाजूला बारीक अक्षरात "माया १.५ ठेवली". ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माया म्हणजे शिवणीत आत दुमडून ठेवलेलं जादा कापड, नंतर उसवून मोठं करता येतं ते. मास्तर प्रत्येक मापापुढं माया किती ठेवली ते लिहितात, आणि कपडा परत मोठा करायला आला की किती सोडली आणि किती दिवसांनी तेही लिहितात. सुरुवातीला मला वाटायचं हा हिशोबीपणा आहे, कापडाचा वाद नको म्हणून. पण चाळीस वर्षं असं लिहीत गेलं की त्याचं काय होतं बघा. फ्रान्समध्ये ग्वेनो द मोंबेयार नावाच्या गृहस्थानं १७५९ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची दर काही महिन्यांनी मोजून १७७७ पर्यंत लिहून ठेवली, एका मुलाच्या वाढीची ती सगळ्यात जुनी सलग नोंद समजतात, अजून डॉक्टर लोक तिचा आलेख दाखवतात. एका मुलाची. शहापुरातल्या या बोळात असली शेकडो पोरं वहीत पडून आहेत, इंचात.

आता वयाप्रमाणं सांगते, म्हणजे तुमच्या घरी कोण आहे त्याप्रमाणं ठरवा जायचं की नाही.

बाळाचे कपडे. झबली, टोपडी, कुंची हे सगळं करून देतात पण नवीन कापडाचं झबलं करायला मागत नाहीत, घरातली जुनी मऊ सुती साडी किंवा धोतर घेऊन या म्हणतात. माझ्या धाकटीच्या वेळी मी हौसेनं रेडिमेडचे तीन सेट आणले होते, गुलाबी, वर ससा बिसा, आणि एकाचाही गळा तिच्या डोक्यातून जाईना, ती किंचाळतेय, सासूबाई मला बोलतायत. मास्तर हसले नुसते. जन्मलेल्या बाळाचं डोकं अंगाच्या लांबीच्या चौथा भाग असतं, आपलं मोठ्यांचं आठवा भाग, आणि पहिले काही महिने डोक्याचा घेर छातीपेक्षा जास्तच असतो, वर्षाच्या आसपास कुठं दोन्ही सारखे होतात. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, चित्र सुद्धा काढलेलं होतं वहीत, तरी छातीच्या मापाचं गळाबंद झबलं विकत घेऊन आले. मास्तरांचं झबलं पाठीमागं उघडं, दोन नाड्या बांधायच्या, डोक्यातून घालायचा प्रश्नच नाही. हेच आपल्या आज्या करत होत्या. शोध काही नाही यात.

आणि पहिल्या वर्षाला माया ठेवत नाहीत बरं का. मी विचारलं का हो, तर म्हणाले, "कुठवर ठेवू? ते मापात मावूच शकत नाही." खरंच आहे. जन्मताना साधारण ५० सेंटीमीटर असलेलं मूल एका वर्षात २५ सेंटीमीटरच्या आसपास वाढतं, वजन पाच महिन्यांत दुप्पट, वर्षाला तिप्पट. दुसऱ्या वर्षी उंची त्याच्या निम्मीच वाढते, बारा-तेरा सेंटीमीटर, आणि मग वर्षाला पाच-सात अशी संथ लागते ती थेट वयात येईपर्यंत. म्हणजे माणूस सगळ्यात वेगानं वाढतो तेव्हा त्याला कपडे चिंध्यांचेच बरे. (ज्या नव्या आया वाचत असतील त्यांना, तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या तपासणीची नोंद असते ते सरकारी कार्ड, जपून ठेवा हो. आमच्याकडं पुष्कळजणी त्याला ताई कार्ड म्हणतात, कन्नडमधली तायी म्हणजे आई. त्यातला वजनाचा आलेख अंगणवाडीत भरून घेत जा, तो शेजारणीच्या बाळाशी तुलना करायला नसतो, आपल्याच बाळाची रेघ चढतेय का आडवी पडलीय हे बघायला असतो.)

पहिली दुसरीतली पोरं. इथं मास्तरांना माझ्याकडून सहा स्टार. धाकटी यंदा पहिलीला गेली. तिचा पिनाफोर आधी दुसऱ्या एका दुकानातून घेतला होता, मागं चेन, कमरेला हुक, शर्टाला बारीक बारीक सात बटणं. दिसायला झकास. दुसऱ्या आठवड्यात पोरगी शाळेत बाथरूमला जायचीच बंद झाली, कारण एकटीला मागची चेन निघेना आणि बाईंना सांगायला लाज. पोट दुखतंय म्हणून रोज रडायची, मी डॉक्टरकडं नेऊन आणलं, तेव्हा कळलं. आता मी दुसऱ्यांच्या पहिलीच्या पोरांना शिकवते आणि माझ्याच घरात हे. मास्तरांनी चेन काढून टाकली, पुढं मोठ्या चार बटणांची पट्टी केली, कमरेला मागच्या निम्म्या भागात इलॅस्टिक, आणि काजं जरा सैल. म्हणाले, "पोरांचा खांदा आधी शाणा होतोय, मग कोपर, बोटं सगळ्यात मागनं. बोटाला शाणं व्हायला टाईम द्या की." हे अगदी आमच्या धड्यातलं वाक्य आहे, विकास डोक्याकडून पायाकडं आणि मधून टोकाकडं जातो, फक्त आमच्या धड्यात बटण नव्हतं. मोठं बटण मूल तीन-चार वर्षांत लावायला लागतं, बारीक बटण पाचच्या आसपास, बुटाची लेस त्याच्याही पुढं, आणि पाठीमागं न बघता हात नेऊन करायचं काम त्याच्याही नंतर. युनिफॉर्म ठरवणाऱ्यांनी हे एकदा बघावं अशी माझी नम्र विनंती, पण ते टाय पण लावायला सांगतात पहिलीच्या पोरांना, त्यांना काय सांगायचं.

आता मुलगा. आठवीत आहे, तेरा पूर्ण. याची गंमत सविस्तर सांगते कारण इथंच लोकांचे पैसे वाया जातात.

रेडिमेड युनिफॉर्मवाले वय विचारून नंबर काढतात. माझ्या वर्गात नाही पण आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांत बघते ना, सातवीत एकाच वयाची दोन पोरं शेजारी उभी केली तर वीतभर फरक, आणि सहावी-सातवीत मुली मुलांपेक्षा उंच दिसतात, कारण मुलींची वाढ साधारण दोन वर्षं आधी उसळते, बाराच्या आसपास सगळ्यात जोर, मुलांची चौदाच्या आसपास. त्या जोराच्या वर्षात मुलगी आठ सेंटीमीटर, मुलगा नऊ-दहा सेंटीमीटर सुद्धा वाढतो. अशा वेळी वय तेरा म्हणून अमुक नंबर याला काय अर्थ आहे? मागच्या वर्षी मी आळस केला, म्हटलं शहापुरापर्यंत कुठं जा, मास्तर वेळेवर देत नाहीत, रेडिमेड घेऊ. दोन पँट. आत बघितलं तर दुमडलेली पट्टी जेमतेम अर्धा इंच. दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत घोटे दिसायला लागले आणि वर्गातली पोरं "पाणी आलंय काय रे घरात" म्हणायला लागली, तेरा वर्षांच्या मुलाला हे किती लागतं ते तेरा वर्षांच्या मुलाच्या आईलाच माहीत.

मास्तरांच्या वहीत त्याच्या पँटची उंची अशी आहे, पाचवीत ३१, सहावीत ३२, सातवीत ३३.५, आठवीला जूनमध्ये ३५ आणि जानेवारीत सव्वाछत्तीस. आणि शर्टाची उंची? सातवीत २५, आता २५.५. बस्स. मी घाबरले, म्हटलं पोरगं वेडंवाकडं वाढतंय काय. मास्तर म्हणाले, "पोरगं आता पायानं वाढूलंय बगा. आधी चप्पल लहान होते, मग पँट, मग बाही, शर्ट सगळ्यात शेवटाला." खरं आहे, चप्पल आम्ही वर्षात दोनदा बदलली होती. पाय आणि हाताचे पंजे आधी वाढतात, मग लांब हाडं, धड मागून येतं. टॅनर म्हणून एक मोठे इंग्रज डॉक्टर होते, मुलांच्या वाढीचा अभ्यास आयुष्यभर केला त्यांनी, त्यांनी पण नेमकी कपड्यांवरूनच ही गोष्ट सांगितलीय, की मुलाची पँट आखूड होणं थांबलं तरी पुढं वर्षभर कोट आखूड होत राहतो. मास्तरांनी टॅनर वाचलेले नाहीत आणि टॅनरनी काही शहापूर बघितलेलं नसणार. दोघांनी पोरं मोजली एवढंच.

म्हणून मास्तर तेरा-चौदाच्या मुलाच्या पँटला खाली तीन इंच दुमड ठेवतात, कमरेला मागं एकच इंच, आणि शर्टाला उंचीत काही नाही पण बाहीच्या कफच्या आत दीड इंच आणि खांद्याला माया. पुढच्या वर्षी उलटं करणार म्हणाले, पँटला कमी, शर्टाला जास्त, कारण मग छाती-खांदे भरायला लागतील. दुमड सोडली की जुन्या घडीची रेघ दिसते, ती घालवायला व्हिनेगरचं पाणी मारून इस्त्री करतात, नव्वद टक्के जाते.

इथं एक कडू अनुभव लिहून टाकते. याच काळात मुलाला वाटायचं आपण बुटकेच राहणार, आणि कुणाच्या तरी नादानं उंची वाढवायची पावडर मागवली आम्ही, ऑनलाईन, डबा महाग, कंपनीचं नाव लिहीत नाही, तीन डबे संपले, पोट तेवढं सुटलं. नंतर बालरोग डॉक्टरांनी साधं गणित करून दाखवलं. आई-बाबांची उंची सेंटीमीटरमध्ये मिळवायची, मुलगा असेल तर १३ मिळवायचे, मुलगी असेल तर १३ वजा करायचे, आणि निम्मे करायचे. ह्यांची १६८, माझी १५७, म्हणजे मुलाची १६९ च्या आसपास, थोडं इकडं-तिकडं. हाडाच्या टोकाला जी वाढीची चकती असते ती मुलींची पंधरा-सोळापर्यंत आणि मुलांची सतरा-अठरापर्यंत बंद होत जाते, बंद झाली की कसली पावडर आणि कसलं लोंबकळणं. हे मी मास्तरांना सांगितलं तर त्यांनी मुलाचं मनगट दोन बोटांत धरून बघितलं आणि म्हणाले बापापेक्षा अर्धा इंच वर जाणार. १६८ अधिक अर्धा इंच म्हणजे किती होतात तुम्हीच बघा.

मुलींच्या मापाबद्दल, आयांना काळजी असते म्हणून. पूर्वी मास्तर स्वतः माप घ्यायचे आणि मोठ्यानं आकडे ओरडायचे, पोरगा वहीत लिहायचा, सगळ्या दुकानाला कळायचं. मला स्वतःला सातवीत असताना ते मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता सूनबाई आत पडद्यामागं घेतात, आकडे कागदावर लिहून बाहेर देतात. चांगली सुधारणा, फक्त तीस वर्षं उशिरा. पुरुषांचे आकडे मात्र अजून ओरडतात. आमच्या ह्यांचं "पोट चाळीस!" बोळातल्या चहावाल्यानं पण ऐकलंय.

लग्नाचे आणि बाळंतपणाचे ब्लाउज. माझ्या लग्नाच्या शालूचा ब्लाउज इथलाच, २००७ चा. मास्तरांनी आईला विचारलं होतं माया किती ठेवू, आई म्हणाली नेहमीसारखी, आणि त्यांनी न विचारता दोन्हीकडं दोन-दोन इंच ठेवली. मला राग आला होता, जाडसर लागायचं काखेत. पण पहिल्या डोहाळजेवणाला तोच ब्लाउज उसवून घालता आला. मला वाटायचं पोटच वाढतं, पण दिवस गेले की बरगड्यांचा घेरही पसरतो, त्यामुळं ब्लाउज नुसता पुढं नाही, सगळीकडूनच होत नाही. बाळंतिणीला पुढं हुकचा आणि सैल बाहीचा शिवतात, कॉटनचाच. आणि बाळ झाल्यावर सहा महिन्यांनी "आता आधीचं माप घ्या" म्हणून गेलं तर घेत नाहीत, थांबा म्हणतात. मी वर्षभर थांबले. परत आधीचं माप काही झालं नाही, ते वहीत २००७ च्या पानावर आहे तिथंच आहे.

आता म्हातारी माणसं. याच्यासाठी खरं तर रिव्ह्यू लिहायला घेतला होता आणि बाकीचंच लिहीत बसले.

बाबा उद्यमबागच्या फौंड्रीत होते, रिटायर झाले. त्यांच्या पानावर जुनी नोंद आहे, "उ. खां. अर्धा खाली", उजवा खांदा अर्धा इंच खाली, कामामुळं. त्यांच्या पँटची उंची १९९४ मध्ये ४० आणि आत्ता पंचाहत्तरीत पण ४०. पण बाबा तर बुटके झालेत, पूर्वी आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला डोकं लागायचं त्यांचं, आता लागत नाही. मास्तर म्हणाले, "पाय म्हातारे होत नाहीत बाई, पाठ होते." चाळिशीनंतर माणूस दर दहा वर्षांनी साधारण एक सेंटीमीटर कमी होतो, सत्तरीनंतर जास्त, आणि ते सगळं मणक्यांत जातं, मधल्या गाद्या पातळ होतात, मणके दबतात, पाठीला बाक येतो. मांडीचं हाड काही आखूड होत नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसाला तयार शर्ट घातला की पुढून लोंबतो आणि मागून वर चढतो, आपण म्हणतो आजोबांना नीट घालता येत नाही. मास्तर मागचा भाग पुढच्यापेक्षा इंचभर लांब कापतात, कॉलर जरा पुढं घेतात. घातल्यावर कळत सुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आईचं झंपर टाकायला गेलो. आई एकोणसत्तर आहे आता. जुन्या झंपराचं माप असताना मास्तर परत टेप लावायला लागले, आई म्हणाली कशाला, ते म्हणाले असू दे वैनी. मानेपासून कमरेपर्यंत पाठीवरून टेप धरली, बघितली, परत धरली. मग वही काढली. मला बाजूला बोलावून म्हणाले, पाठ दोन वर्षांत पाऊण इंच वाढलीय आणि पुढनं तेवढीच कमी झालीय, एवढी लवकर होत नाही, मी झंपर शिवून देतो पण एकदा डॉक्टरला दाखवून घ्या. आईची पाठ दुखायची अधूनमधून, पण ती कधी बसून राहिलीय का, आम्ही तेल लावून द्यायचो, एका ठिकाणी दाखवलं होतं तर त्यांनी कमरेचा पट्टा दिला होता, झालं. एक्स-रे काढला तर पाठीच्या मधला एक मणका पुढून दबून पाचरीसारखा झालेला. पडली नव्हती, काही नव्हतं, बादली उचलताना वगैरे झालं असेल असं डॉक्टर म्हणाले. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत बायकांची हाडं फार झपाट्यानं विरळ होतात, आणि असे मणके बऱ्याचदा फार न दुखताच दबतात, त्यामुळं घरच्यांना वाटतं वयानं वाकली. नंतर हाडांची घनता बघायची टेस्ट केली, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व चालू झालं, आणि एक गोळी आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी ग्लासभर पाण्याबरोबर आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, ती आई रविवारी घेते आणि तो अर्धा तास आम्हाला सगळ्यांना कामाला लावते. यंदाच्या दिवाळीला मास्तरांनी माप घेतलं तेव्हा पाठ तेवढीच निघाली. वहीत त्यांनी जुनाच आकडा परत लिहिला आणि खाली रेघ मारली.

त्या झंपराचे त्यांनी शिलाईचे पैसे पूर्ण घेतले हेही सांगते, एक रुपया कमी केला नाही. 😀

आता तक्रारी. तारीख. काय सांगू, तारीख हा प्रकारच नाही इथं. मे महिन्यात युनिफॉर्म टाकला तर शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले तरी "परवा या की", मुलगा जुन्या कपड्यात शाळेला जातो आणि मी स्वतः शिक्षिका असून दुसऱ्या बाईंना चिठ्ठी लिहून देते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टाका, शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या (आमच्याकडं ती वैशाखात असते) आधी काहीही मागू नका, लग्नसराईत तर फिरकूच नका. चुलत बहिणीच्या साखरपुड्याचा ब्लाउज सकाळी दहाचा मुहूर्त असताना साडेआठला हुक लावायचा राहिला होता, आम्ही पिना लावून नेली तिला. फोन केला तर उचलत नाहीत, मशिनच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणतात, मला वाटतं येतं. ट्रायल रूम म्हणजे तो पडदा. गाडी लावायला जागा नाही, बोळाच्या तोंडाशी लावून चालत जा. फॅशनचं काही सांगू नका, मोबाईलवर गळ्याचा फोटो दाखवला तर चष्मा वर करून बघतात आणि त्यांना पाहिजे तोच गळा करतात. कन्नड, मराठी दोन्ही चालतं, कन्नड बायका मापाला "अळते" म्हणतात ते पण वहीत देवनागरीतच उतरवतात. शिलाई मला अस्तराच्या ब्लाउजला ३५० पडली, पोरांच्या पँटला ४००, जुनं सैल-घट्ट करायचे पन्नास-साठ, रेडिमेडपेक्षा थोडं महाग पण पँट दोन वर्षं जाते तर हिशोब तुम्ही करा. नातवानं आता स्कॅनर लावलाय, पूर्वी सुट्टे नाहीत म्हणून बटणं द्यायचे. मंगळवारी जाऊ नका, उघडं असलं तरी काम करत नाहीत.

जाताना एक करा, चांगला बसणारा जुना कपडा घेऊन जा आणि पोराला स्वतः घेऊन जा, नुसतं माप सांगू नका. ते चप्पल पण बघतात.

काल परत गेले होते, धाकटी बरोबर होती. नातू बाहेर गेलेला, मास्तर काजं करायला बसलेले आणि सुईत दोरा जाईना, चष्मा कपाळावर, सुई लांब धर, जवळ धर, दोरा ओला कर, चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं ते आता सत्तरीत किती झालं असेल. धाकटी शेजारी उभी राहून बघत होती, तिनं न विचारता सुई घेतली आणि जीभ बाहेर काढून दुसऱ्या फटक्यात दोरा घातला. मास्तर म्हणाले, "झाली की बोटं शाणी." मग तिनं अजून चार सुयांत दोरे घालून दिले आणि मास्तरांनी त्या उशीत टोचून ठेवल्या.

मुलाची पँट काल मिळणार होती. उद्या या म्हणालेत.